हक्क शाबूत, थकबाकी मात्र तीन वर्षांची

सरकारी नोकराने सरकारविरुद्धचा खटला जिंकल्याचे वृत्त अधूनमधून प्रसिद्ध होते. बडतर्फी रद्द झाली, वेतननिश्चिती चुकीची ठरली, पदोन्नतीचा मानीव दिनांक मिळाला अशा मथळ्याखाली चार ओळी येतात आणि न्याय झाला असे समजून वाचक पान उलटतो. निकालपत्राचा अखेरचा परिच्छेद मात्र क्वचितच कोणी वाचतो. थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच देय राहील, किंवा सेवेत सातत्य मिळेल पण मागील वेतन मिळणार नाही, अशा आशयाचे वाक्य पुष्कळदा तेथे असते. हक्क मान्य होतो. त्या हक्काचे रुपयांत रूपांतर करण्याची वेळ आली की कायदा हात आखडता घेतो.

हा हात किती आखडावा आणि कोणासाठी आखडावा, हा प्रश्न केवळ कर्मचारी संघटनांच्या जिव्हाळ्याचा नाही. थकबाकी जाते ती करदात्याच्या पैशातून. आणि ज्या चुकीमुळे ती निर्माण होते ती चूकही करदात्याच्या नावाने चालणाऱ्या यंत्रणेचीच असते. म्हणूनच या मर्यादांमागचा विचार काय आहे आणि तो कोठे अपुरा पडतो, हे तपासून पाहिले पाहिजे.

मर्जी ते हक्क

सरकारी नोकराला पगारासाठी सरकारवर दावा लावता येतो ही गोष्ट आज स्वयंसिद्ध वाटते. ती तशी नव्हती. राजसत्तेचा सेवक राजाच्या मर्जीने पदावर असतो, त्याला मिळते ते बक्षीस, मोबदला नव्हे, हा इंग्लंडमधील जुना सिद्धांत ब्रिटिश अमदानीत येथेही पुढे केला जात असे. १९५४ मध्ये बिहारमधील एका पोलीस उपनिरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. बडतर्फ होऊन पुन्हा कामावर घेतल्या गेलेल्या या अधिकाऱ्याला मधल्या काळातील पगार मागण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी दिवाणी दावा चालू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राज्यघटनेच्या ३१० व्या अनुच्छेदात मर्जीचे तत्त्व आजही आहे. पण ३११ व्या अनुच्छेदाने त्याला वेसण घातली आहे. नेमणूक करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये आणि चौकशीत बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज बडतर्फी होऊ नये, या त्या दोन अटी.

हक्क असा प्रस्थापित झाला. पण हक्काबरोबर मुदतही आली. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती वेतन देय झाल्यापासून मोजली जाते. मग बडतर्फीचा खटलाच दहा वर्षे चालला तर? त्या काळातील वेतन मुदतबाह्य झाले काय? १९८० मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचे माणुसकीला धरून उत्तर दिले. बडतर्फीचा आदेश उभा असेपर्यंत वेतन मागताच येत नाही. म्हणून तो आदेश रद्द झाल्याच्या दिवसापासूनच मुदत मोजली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. दार बंद असताना आत का आला नाहीस असे विचारता येत नाही, हा त्यामागचा न्याय.

तीन प्रकारचे वाद, तीन मोजपट्ट्या

आज हे वाद ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे. पहिला प्रकार चुकीच्या वेतननिश्चितीचा वा निवृत्तिवेतनाचा. येथे कर्मचारी कामावर असतो किंवा रीतसर निवृत्त झालेला असतो. फक्त दरमहा मिळणारी रक्कम चुकीची असते. रेल्वेतील एका कर्मचाऱ्याने १९७८ मध्ये झालेल्या वेतननिश्चितीविरुद्ध १९८९ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, तेव्हा ती मुदतबाह्य म्हणून फेटाळण्यात आली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. चुकीचा पगार दरमहा दिला जात असेल, तर चूकही दरमहा नव्याने घडते, म्हणून मूळ मागणी मरत नाही. मात्र मागची थकबाकी मुदतीच्या नियमाला बांधलेली राहील, असेही त्याच निकालाने सांगितले.

या सूत्राला आजचे रूप मिळाले ते २००८ मध्ये. वैद्यकीय कारणास्तव १९८३ मध्ये सेवेतून दूर केलेल्या एका जवानाने अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी १९९९ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्याला पहिल्या दिवसापासूनची थकबाकी दिली. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित झाली. न्यायालयाची मांडणी नेमकी होती. वेतन वा निवृत्तिवेतन दुरुस्त केल्याने तिसऱ्या कोणाचे नुकसान होत नाही, म्हणून उशीर झाला तरी दाद मिळेल. ज्येष्ठता वा पदोन्नतीमध्ये इतरांचे हक्क गुंतलेले असतात, म्हणून तेथे उशीर घातक ठरेल. आणि मागील रकमेपुरता उशिराचा नियम सर्वसाधारणपणे लागू राहील.

या नियमाचा हिशेब एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या लिपिकाला २००६ पासून दरमहा २००० रुपये कमी मिळत आहेत आणि तो २०२१ मध्ये न्यायाधिकरणात जातो. पंधरा वर्षांचा फरक होतो ३ लाख ६० हजार रुपये. तीन वर्षांच्या मर्यादेत त्याच्या हाती पडतात ७२ हजार. उरलेले २ लाख ८८ हजार रुपये सरकारने चुकीने राखले हे सिद्ध होऊनही सरकारकडेच राहतात.

दुसरा प्रकार पदोन्नतीचा. कनिष्ठाला पुढे ढकलले गेले, ज्येष्ठ मागे राहिला आणि पुढे चूक मान्य होऊन मानीव दिनांक मिळाला, तर वरच्या पदाच्या वेतनाचा फरक द्यायचा की नाही? १९८९ आणि १९९० मधील निकालांत सर्वोच्च न्यायालयाने ‘काम नाही तर दाम नाही’ हे सूत्र लावून वेतन केवळ कागदोपत्री वाढवावे, रोख फरक देऊ नये, अशी भूमिका घेतली. १९९१ मध्ये मात्र तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या सूत्राला महत्त्वाचा अपवाद जोडला. कर्मचारी काम करायला तयार होता आणि त्याचा काही दोष नसताना प्रशासनानेच त्याला कामापासून दूर ठेवले, तर हे सूत्र लागू होत नाही. मंत्रालयापासून तहसील कार्यालयापर्यंत मानीव दिनांकाच्या आदेशांत ‘आर्थिक लाभ अनुज्ञेय नाहीत’ हे वाक्य सरसकट घातले जाते, तेव्हा या अपवादाचा सोयीस्कर विसर पडलेला असतो.

तिसरा आणि सर्वांत दाहक प्रकार बडतर्फीचा. येथे मिळकतच बंद होते. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता तरी मिळतो; बडतर्फ झालेल्याला तोही नाही. पुढे बडतर्फी रद्द झाली, तर मागील वेतनाचे काय करायचे हे केंद्राच्या मूलभूत नियमांतील ५४ व ५४-अ या नियमांनी, तर महाराष्ट्रात १९८१ च्या नागरी सेवा नियमांनी ठरते. केंद्राच्या नियमांतील चौकट अशी: कर्मचारी आरोपांतून पूर्णपणे मुक्त झाला, तर पूर्ण वेतन. न्यायालयाने गुणवत्तेवर नव्हे, तर केवळ ३११ व्या अनुच्छेदातील प्रक्रिया पाळली नाही म्हणून आदेश रद्द केला, तर पूर्ण नव्हे, पण निर्वाह भत्त्याहून कमी नाही इतके वेतन. आणि ते किती हे सक्षम अधिकारी नोटीस देऊन ठरविणार. मधल्या काळात दुसरीकडे नोकरी करून काही मिळविले असेल तर ते वजा. १९९३ मध्ये घटनापीठाने चौकशी अहवाल न देता केलेल्या शिक्षेबाबतही याच दिशेचा मार्ग आखला. कर्मचाऱ्याला सेवेत घ्यावे, हवे तर निलंबित ठेवून चौकशी पुढे चालवावी आणि मागील वेतनाचा निर्णय चौकशीच्या अंतिम निष्कर्षावर सोपवावा.

लंबकाचे हेलकावे

कामगार कायद्याच्या बाजूने पाहिले, तर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा नोकरीवरून काढलेल्या कामगाराला पूर्ण मागील वेतन हाच सर्वसाधारण नियम मानला होता. तो नियम सांगूनही त्या प्रकरणात प्रत्यक्षात ७५ टक्केच देण्यात आले, हा भाग वेगळा. २००५ नंतरच्या काही निकालांत मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. पूर्ण वेतन आपोआप मिळणार नाही. आपण मधल्या काळात बेकार होतो हे कर्मचाऱ्याने प्रथम सांगितले पाहिजे. सेवेतील सातत्यही हक्काने मिळत नाही, अशी भाषा येऊ लागली.

हा लंबक परत आणणारे प्रकरण मराठवाड्यातले आहे. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी अनुदानित प्राथमिक शाळेने महापालिकेच्या कराचा बोजा शिक्षकांवर टाकून प्रत्येकाकडून दरमहा १५०० रुपये मागितले. एका शिक्षिकेने ते देण्यास नकार दिला. तिला २००६ मध्ये निलंबित आणि २००७ मध्ये सेवामुक्त करण्यात आले. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये पूर्ण मागील वेतनासह तिला परत घेण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मागील वेतनाचा भाग रद्द केला. ऑगस्ट २०१३ मध्ये न्या. जी. एस. सिंघवी यांनी लिहिलेल्या निकालाने तो पुन्हा बहाल केला. सेवेचा कालावधी, गैरवर्तनाचे स्वरूप, मालकाची आर्थिक स्थिती हे घटक पाहावेत. पण बेकायदा काढलेल्याला सातत्य व मागील वेतन हा सर्वसाधारण नियमच आहे, असे न्यायालयाने सांगितले. कर्मचाऱ्याने आपण बेकार होतो एवढे कथन करावे. तो इतरत्र कमावत होता हे सिद्ध करण्याचा भार मग मालकावर. खटला लांबला याची शिक्षा कर्मचाऱ्याला देऊ नये, हाही त्या निकालाचा एक आधारस्तंभ आहे. ही शाळा सरकारी नव्हती. पण सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांतही या निकालाचा आधार घेतला जातो.

लंबक तेथे स्थिरावला, असे मात्र म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबविलेल्या आणि २०१८ मध्ये काढलेल्या सफाई व तत्सम कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने परत घेण्याचा आणि नियमित करण्याचा आदेश दिला. २००६ च्या घटनापीठाच्या निकालाचा आधार घेऊन तात्पुरत्या कर्मचाऱ्यांचे शोषण चालू ठेवता येणार नाही, असे खडे बोलही सुनावले. परंतु काम न केलेल्या सहा वर्षांचे वेतन त्यांना मिळाले नाही. काढणे चुकीचे होते, हे मान्य झाले. त्या चुकीचा आर्थिक भार मात्र ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच उचलला.

उशीर कोणाचा?

मर्यादा घालण्यामागील युक्तिवाद पोकळ नाहीत. सरकारचा अर्थसंकल्प वर्षावर्षाचा असतो. वीस वर्षांपूर्वीच्या मागण्या एकदम उभ्या राहिल्या, तर त्या आजच्या शाळांच्या आणि दवाखान्यांच्या तरतुदीतून भागवाव्या लागतात. जुने अभिलेख नष्ट झालेले असतात. शिवाय कुंपणावर बसून दुसऱ्याच्या खटल्याचा निकाल पाहणारे आणि तो अनुकूल लागताच धाव घेणारे काही कमी नसतात. २०१४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशांना दाद नाकारली, ते रास्तच होते. नुसती निवेदने देत राहिल्याने मेलेली मागणी जिवंत होत नाही, हेही न्यायालयाने २००८ मध्ये बजावले आहे.

प्रश्न आहे तो झोपलेला आणि झुलविलेला यांत फरक करण्याचा. तीन वर्षांची मर्यादा हा फरक करीत नाही. वेतननिश्चिती कर्मचारी करीत नाही, आस्थापना शाखा करते. सेवापुस्तक कार्यालयाच्या ताब्यात असते. शासन निर्णयांच्या ढिगाऱ्यात आपल्याला कोणती श्रेणी लागू आहे, हे चतुर्थ श्रेणीतील शिपायाने शोधून काढावे आणि वेळेत वकील गाठावा, अशी अपेक्षा करणे व्यवहारात बसत नाही. त्यातही तो शिरस्त्याप्रमाणे प्रथम निवेदन देतो. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यानुसार अंतिम आदेशापासून एका वर्षात अर्ज करायचा असतो. निवेदन अनिर्णित राहिले, तर सहा महिने वाट पाहून पुढील एका वर्षात. सहा महिन्यांत निवेदन निकालात काढण्याची घाई मात्र विभागाला नसते. उलट, उत्तर जितके लांबेल तितकी देय थकबाकी आटत जाते. जो पक्ष विलंब करतो त्यालाच विलंबाचा लाभ मिळावा, अशी ही रचना आहे.

न्यायाधिकरणात जिंकल्यावरही वाट संपत नाही. १९९७ च्या घटनापीठाच्या निकालानंतर न्यायाधिकरणाचा निर्णय उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे नेता येतो आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात. औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने कलम १७-ब आले, तेव्हा मालक वरच्या न्यायालयात गेला तरी तोवर कामगाराला अखेरचे वेतन मिळण्याची सोय झाली होती. नागरी सेवेतील बडतर्फ कर्मचाऱ्याला असे छत्र नाही. सरकार अपील करीत राहते. त्याने ते आपल्या घरखर्चातून सोसायचे.

उलट दिशेचा हिशेब पाहिला, म्हणजे विसंगती अधिक डोळ्यांत भरते. सरकारने चुकून जादा वेतन दिले, तर ते वसूल करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पंजाबमधील एका प्रकरणात बंधने घातली. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून वा निवृत्तीला वर्ष उरलेल्यांकडून वसुली नको. आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर इतरांकडूनही नको. हा निर्णय सहृदय आहे. पण त्याच्या मुळाशी जे गृहीत आहे, ते थकबाकीलाही लागू पडते. कार्यालयाच्या चुकीचा भार कर्मचाऱ्याने का वाहावा, हा प्रश्न जादा वेतनाच्या वेळी विचारला जातो. कमी वेतनाच्या वेळीही तो विचारला गेला पाहिजे.

गोव्याने दाखविलेली वाट

या दृष्टीने गोव्यातील एक प्रकरण उद्बोधक आहे. तेथील काही कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी निवृत्त करण्यात आले. त्यांचे निवृत्तीचे वय ६० होते हे पुढे न्यायालयात मान्य झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने उशिराचे कारण देऊन त्यांना दोन वर्षांचे वेतन नाकारले आणि सुधारित निवृत्तिवेतनही १ जानेवारी २०२० पासूनच मंजूर केले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. काम न केलेल्या दोन वर्षांचे वेतन उशिरामुळे नाकारणे योग्य. परंतु निवृत्तिवेतन हा दरमहा नव्याने उत्पन्न होणारा हक्क असल्याने वयाच्या साठीपासूनची त्याची थकबाकी नाकारण्यास काहीच आधार नाही, असे सांगून ती देण्याचा आदेश झाला. तीन वर्षांची मर्यादा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे यातून स्पष्ट होते. मात्र ज्याला दिल्लीपर्यंत जाणे परवडते त्यालाच हा विवेक लाभावा, हे योग्य नाही.

त्यासाठी कायद्यात फार उलथापालथ करण्याचीही गरज नाही. थकबाकीची तीन वर्षे याचिकेच्या तारखेपासून न मोजता कर्मचाऱ्याने मुदतीत दिलेल्या पहिल्या लेखी निवेदनापासून मोजावीत, एवढी दुरुस्ती केली तरी विलंबाचा नफा विभागाला मिळणार नाही. चूक केवळ आकडेमोडीची वा श्रेणी लावण्याची असेल आणि तिसऱ्या कोणाचे हित बाधित होत नसेल, तर विभागाने पूर्ण फरक स्वतःहून द्यावा. एखाद्या संवर्गाच्या बाजूने निकाल अंतिम झाला, की त्या संवर्गातील प्रत्येकाला स्वतंत्र खटला लढायला न लावता आदेश काढावा. कुंपणावरच्यांची गर्दी त्यानेच ओसरेल. न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर अपिलात गेलेल्या काळासाठी व्याज सक्तीचे करावे. आणि चौकशीचे साधे नियम न पाळल्याने बडतर्फी रद्द होते, तेव्हा त्या निष्काळजीपणाची नोंद संबंधित अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात व्हावी. आज ती चूक कोणाच्याच खात्यावर पडत नाही. म्हणून ती पुन्हापुन्हा होते.

सरकार हा आदर्श मालक असावा, हे वाक्य आपल्या न्यायालयांनी इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याची धार बोथट झाली आहे. त्या वाक्याची कसोटी सरकार खटले कसे जिंकते यात नाही, तर हरलेल्या खटल्याची किंमत कशी चुकते करते यात आहे. झोपून राहिलेल्याला कायद्याने जरूर सुनवावे. पण वेळेवर निवेदन देऊन उत्तराची वाट पाहत निवृत्त झालेल्या माणसाला ‘तुझे बरोबर होते, पण पैसे तीन वर्षांचेच’ असे सांगणे, हा अर्धा न्यायही होत नाही.